चुन्याच्या भट्टीतला साहेब

बहारीनमधल्या आमच्या हिद्दच्या कारखान्यात सकाळी जो ट्रक यायचा, त्याला फाटकावर एक माणूस हात आडवा करून थांबवायचा. वॉचमन नव्हे. वॉचमन बिचारा त्याच्या मागे छत्री धरून उभा. हा कारखान्याचा सगळ्यात मोठा साहेब, मेक्सिकोहून आलेला. ड्रायव्हरला तो विचारायचा, "आत काय आहे?" ड्रायव्हरने सांगितलं की आमच्याकडे वळून दुसरा प्रश्न, "हे आपण का विकत घेतो?"

ट्रकात खिळे असोत, रंगाचे डबे असोत, नाहीतर कँटीनचे कांदे. प्रश्न तोच. कांद्याच्या ट्रकवाल्याने एकदा त्याला सरळ सांगितलं, "साब, खाने के लिए." साहेब विचारात पडला. दुपारी बघतो तर कंपाउंडच्या कडेला उकिडवा बसून वाळू उकरतोय, इथे कांदा होईल का म्हणून.

मी सुतार. गुहागरकडचा. शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा लांब होती आणि वडिलांचा रंधा जवळ होता. पण बहारीनमध्ये माझ्यापेक्षा चांगलं लाकूडकाम करणारा दाखवा, मी त्याच्या हाताखाली काम करीन. अजून कोणी दाखवलेला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आग्रह झाला. बाकीचे आईवर लिहितील, गुरुजींवर लिहितील. मी या साहेबावर लिहितो. त्याचं नाव लिहीत नाही. एक तर ते फार लांब होतं, आणि दुसरं म्हणजे आम्ही त्याला चुनासाहेब म्हणायचो आणि त्याला ते आवडायचं.

ते नाव पडलं ते माझ्या डबीमुळे.

मी तंबाखू खातो. डॉक्टर ओरडतो, मुलगा ओरडतो, मी खातो. एकदा माल भरायच्या लाकडी पेट्या आम्ही बनवतो त्या शेडमध्ये बाकावर बसून तळहातावर तंबाखू चोळत होतो, तर हा साहेब दारातून आत आला. आता हा बोलणार, असं वाटून मी मूठ मिटली. पण त्याचं लक्ष मुठीकडे नव्हतंच. चुन्याची डबी बाकावर उघडी होती, तिच्याकडे तो असा बघत होता, जसा एखादा लांबच्या गावात आपल्या गावचा माणूस भेटल्यावर बघतो. बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि हसला.

"माएस्त्रो," तो म्हणाला, "आमची कंपनी इथून सुरू झाली."

माएस्त्रो म्हणजे त्यांच्याकडे मिस्त्री. सुताराला, गवंड्याला, मेकॅनिकला तिकडे मानाने अशी हाक मारतात म्हणे. इतकी वर्षं मी आखातात काढली. कोणी 'कारपेंटर' म्हणालं, कोणी 'रफीक', कोणी नुसती शीळ घातली. मिस्त्री म्हणून मान देणारा हा पहिलाच साहेब. मी मूठ उघडली आणि तंबाखू तोंडात टाकला.

मग त्याने ती गोष्ट सांगितली. माझं इंग्रजी लंगडं, त्याचंही लंगडं, त्यामुळे आमची चाल बरोबर जमायची. चुन्याची डबी त्याने बाकाच्या एका टोकाला ठेवली. ही भट्टी. मालकाचा आजा डोंगराच्या पायथ्याशी चुना भाजायचा. त्यांच्याकडे भाकरी मक्याची, आणि मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळायचा. म्हणजे घराघरात चुना हवा. चुना भरायला पिशव्या हव्यात. साहेबाने माझ्या तुकड्यांच्या ढिगातून एक लाकडाचा तुकडा घेतला आणि डबीशेजारी ठेवला. आज्याने पिशव्या विकत घेतल्या नाहीत, कागदाचं यंत्र आणलं. पिशव्या उरायला लागल्या तशा सिमेंटवाल्याला विकल्या. दुसरा तुकडा. माल पोचवायला ट्रक. तिसरा. ट्रक मोडतात, म्हणून गॅरेज. गॅरेजात रेडिएटर दुरुस्त करता करता नवेच करायला लागले. आता तो इतक्या घाईने तुकडे लावत होता की माझा पटाशीचा दांडासुद्धा त्यात गेला.

"आणि ही," त्याने एक तुकडा वेगळ्याच बाजूला लावला, "ही आजी. चुन्याने कामगारांचे हात सोलवटायचे. आजी घरी मलम करायची. आज त्या मलमाची मोठी फॅक्टरी आहे. बायका तोंडाला लावतात."

"आणि बहारीन?" मी विचारलं.

"रेडिएटरला अॅल्युमिनियम लागतं. अॅल्युमिनियम तुमच्याकडे वितळतं." शेवटचा तुकडा बाकाच्या अगदी कडेला आला. "आता इथून पुढे काय?"

पुढे बाक संपला होता. साहेब माझ्याकडे असा बघत होता, जणू बाक मी मुद्दाम आखूड केलाय.

संध्याकाळी झाडलोट करताना मी ते तुकडे गोळा करून ढिगात टाकले. दुसऱ्या दिवशी तो परत आला, परत डबी मागितली आणि परत सगळी कंपनी पहिल्यापासून मांडली. असं पुढे कायम चाललं. पाहुणा आला, नवा कामगार आला, की माझ्या बाकावर त्या कंपनीचा जन्म व्हायचा. मधल्या वेळात माझा चुना भट्टीच्या कामात अडकलेला, आणि मी तंबाखू हातात घेऊन ताटकळत.

त्या गोष्टीत एक जागा अशी होती, की तिथे आला की तो उभ्याचा नाचायचा. कागदाचं यंत्र आलं ती. यंत्र शेडच्या दारापेक्षा मोठं निघालं. सगळे म्हणाले, यंत्र परत पाठवा. आज्याने स्वतः कुदळ घेतली आणि भिंत पाडली. मग म्हणाला, "दार लहान आहे, काम लहान नाही." हे वाक्य साहेब आधी त्यांच्या भाषेत म्हणायचा, मग इंग्रजीत. ते भगदाड त्यांनी कधी बुजवलं नाही. आज तिथे काच लावली आहे, आणि मालकाच्या घरच्या पोरांना लहानपणी तिथे नेऊन दाखवतात.

मी म्हटलं, "साहेब, आधी माप घ्यायचं असतं."

तो इतका हसला की त्याला बसावं लागलं. एरवी तो बसत नसे. ऑफिसात त्याची खुर्ची होती, तिच्यावर तो कैऱ्या ठेवायचा.

कैऱ्यांचं असं, की त्याला कुठलंही फळ तिखटमिठाशिवाय चालत नसे. कैरी ठीक आहे, आम्हीही खातो. हा कलिंगडावर तिखट घालायचा. अननसावर घालायचा. खिशात लाल मिरच्या, वाळलेल्या. कँटीनच्या केरळी आचाऱ्याने त्याला स्पेशल तिखट चटणी दिली तर त्याने ती नुसती चमच्याने खाल्ली आणि गोड आहे म्हणाला. आचारी दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

एका शुक्रवारी तो सित्राला आम्ही कामगार राहतो त्या कॅम्पवर आला, हातात मक्याची पिशवी. मका माझ्या चुन्यात उकळला, सालं चोळून काढली, मिक्सरमध्ये वाटला. मिक्सर जळला. उरलेलं पाट्यावर वाटून घेतलं. मग पॅकिंगच्या प्लास्टिकचे दोन तुकडे घेऊन त्यात गोळा दाबायला लागला.

"हे काय करताय?" मी म्हटलं. "भाकरी थापायची असते."

"ही दाबायची असते."

"थापा."

"दाबा."

शेवटी तव्याच्या एका बाजूला त्याची, एका बाजूला माझी. माझी फुगली. त्याचीही फुगली. कॅम्पमधली पोरं शिट्ट्या मारत होती. मी त्याला सांगितलं, चुना तंबाखूला, नाहीतर पानाला, अन्नात नाही. तरी एक खाल्ली. चव चांगली होती. ते मी त्याला सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

ऑफिसातला मल्याळी मॅनेजर एक दिवस शेडमध्ये आला आणि लांबूनच म्हणाला, "मिस्त्री, बॅड न्यूज." सुतारखातं बंद करायचं ठरत होतं. रेडिएटरच्या पेट्या सित्राच्या एका कंपनीकडून तयार घ्यायच्या. मेक्सिकोहून मालकाचा नातू येणार होता, कारखाना बघून तो सही करणार.

सुतारखातं म्हणजे मी आणि हाताखाली चारसहा माणसं. बाकीच्यांना दुसरं काम मिळालं असतं. माझ्या वयाला दुसरा व्हिसा कोण देतो? खातं बंद म्हणजे व्हिसा कॅन्सल. घरी मुलगा म्हणतोच आहे, बाबा, या आता. जायला माझी ना नाही. पण जायचं तर मी माझ्या मर्जीने जाईन. तुमच्या कामाची गरज उरली नाही म्हणून कोणी मला विमानात बसवावं, हे मला चालणार नव्हतं. मी करवत चालू केली, तसा मॅनेजर निघून गेला.

साहेबाला कळलं तेव्हा तो शेडमध्ये धावत आला. खरंच धावत. "विकत घ्यायच्या?" तो म्हणाला. "पेट्या? विकत?" त्याच्या आईला कोणी शिवी दिली असावी असा चेहरा.

मग बाकाजवळ उभं राहून त्याने मला त्यांच्या कंपनीचा कायदा समजावला. जोवर एखादी वस्तू आपण आपल्यापुरती करतो, तोवर ते घरचं काम. घरचं काम कधीही बंद होतं. पण बाहेरच्या एका माणसाने ती आपल्याकडून मागून नेली, की त्याचं वेगळं खातं होतं. पिशव्यांचं तसं झालं, मलमाचं तसं झालं. आजवर बाहेरचं गिऱ्हाईक असलेलं खातं त्या घराण्याने बंद केलेलं नाही.

"एक गिऱ्हाईक, माएस्त्रो. नातू यायच्या आत. एकच."

आणि आम्ही निघालो. साहेब गाडी चालवतोय, मी शेजारी, मागच्या सीटवर नमुन्याची पेटी, तिला पट्टा बांधलेला. कुठल्याही ऑफिसात शिरलं की साहेब पेटी जमिनीवर ठेवायचा आणि तिच्यावर चढून उभा राहायचा. बोलणं सगळं वरून. मआमीरला एका फरशीवाल्याने पेटीकडे न बघताच "मफी, मफी", म्हणजे नाही नाही, म्हणून हात हलवला. सित्राला एकजण इतकं गोड "इंशाल्ला" म्हणाला की साहेब बाहेर येऊन मला मिठी मारायला लागला.

"साहेब, तो नाही म्हणाला."

"इंशाल्ला म्हणाला."

"तोंड बघून ओळखायचं असतं. तोंडाने नाही म्हणाला."

असे दिवस गेले. मला वाटलं होतं मला लाज वाटेल, या वयात दारोदार. पण खरं सांगतो, इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती. साहेबाला नकाराचं काहीच वाटत नसे. प्रत्येक ऑफिसातून निघताना तो त्यांच्या सामानाकडे बोट दाखवून मला विचारायचा, हे लोक हे का विकत घेतात?

शेवटी मी त्याला हमीदभाईंकडे नेलं. हमीदभाई दापोलीकडचे, आमची जुनी ओळख. हिद्दलाच त्यांचं वर्कशॉप. जहाजांचे पंखे, म्हणजे पाण्याखाली फिरतात ते पितळी पंखे, दुरुस्त करून आखातभर पाठवायचे. ओळखीच्या माणसाकडे काम मागायला जाणं मला जड होतं, म्हणूनच ते शेवटी ठेवले होते.

"काय मिस्त्री," हमीदभाई म्हणाले, "आज सायबाला घेऊन फेरीला?"

"पेटी पाहिजे का बोला."

"पेटी कशाला? मी पंखे ताडपत्रीत गुंडाळतो. आजवर पोचले ना?"

"पोचले. आणि मागच्या वेळी पात्याला पोचा आला तो?"

"ते कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अख्ख्या हिद्दला माहीत आहे, हमीदभाई."

तेवढ्यात मागून घंटेसारखा आवाज आला. साहेब एका भल्यामोठ्या पंख्यावर बोटाने टकटक करून कान लावून ऐकत होता. डोळ्यांत पाणी. "माएस्त्रो," तो म्हणाला, "हे आपण का—"

"पंखा नाही, साहेब. पेटी."

हमीदभाई माझ्या कानाशी आले. "ह्यो सायब हसतोय का रडतोय?"

"दोन्ही. तुम्ही पेटीचं बोला."

त्यांनी डोकं खाजवलं. तोच मोठा पंखा कुवेतला जायचा होता, दोन दिवसांनी बंदरावर हवा होता. "करा," ते म्हणाले. "पण दया म्हणून देत नाही हां. पंख्याला ओरखडा दिसला तर पेटी परत, आणि बाजारात सांगेन."

"दया मागितली कोणी?" मी म्हटलं, आणि माप घ्यायला टेप काढली.

पंखा आमच्या शेडमध्ये आणला. उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे सरकारची बंदी असते, म्हणून पेटी शेडमध्येच बांधायची. पंखा दारातून आत आला. पण त्याला हलू न देणारी पेटी, आतून तिरपे टेकू, खालून जाड ओंडके, ती पंख्यापेक्षा बरीच मोठी होणार. मी लाकूड कापायच्या आधी साहेबाला सांगितलं, "ही दारातून बाहेर जाणार नाही."

"जाईल," तो म्हणाला.

सांगाडा उभा राहिला तेव्हा परत सांगितलं. "साहेब, जाणार नाही. टेकू कमी करू का?"

"टेकू कमी करायचे नाहीत. जाईल."

दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचा माझा स्वभाव नाही. मी झाकण ठोकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू आला. पोरगेलासाच, प्रवासाने डोळे लाल, हातात टॅब, बाजूला मॅनेजर. आणि नेमका त्याच वेळी हमीदभाईंचा ट्रक दाराबाहेर लागला. फोर्कलिफ्टवाल्याने पेटी उचलली, दारापर्यंत आणली आणि थांबला. ब्रेक लावायचीही गरज नव्हती. पेटी चौकटीला दोन्हीकडून टेकली होती.

मॅनेजर नातवाच्या कानात काहीतरी पुटपुटला. बाहेरून हमीदभाईंचा आवाज आला, "काय मिस्त्री, इतकी वर्षं सुतारकी केलीत आणि दार बघितलं नाहीत?"

माझे कान तापले. दोनदा सांगितलं होतं, हे मला त्या नातवासमोर ओरडून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. माझ्या साहेबाला मी मालकाच्या माणसासमोर खाली पाडणार नव्हतो, मग व्हिसा गेला तर गेला.

"माएस्त्रो," साहेब म्हणाला, "पाना."

मी पाना दिला. त्याने दाराशेजारच्या पत्र्याचा पहिला नट फिरवायला घेतला. शेडची भिंत पत्र्याचीच. नट गंजलेले, साहेब दात ओठ खाऊन फिरवतोय, घाम नाकावरून टपकतोय. मी दुसरा पाना घेऊन खालच्या बाजूला लागलो.

नातू पुढे आला. त्यांच्या भाषेत त्याने हळू काहीतरी विचारलं. साहेबाने नट सोडला नाही, वळूनही बघितलं नाही. त्याने एकच वाक्य म्हटलं. ती भाषा मला येत नाही, पण ते वाक्य मी माझ्या बाकापाशी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला कळलं. दार लहान आहे, काम लहान नाही.

पोराने टॅब मॅनेजरच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि सुटलेला पत्रा धरला. पत्रा उन्हाने तापलेला. हात भाजत होते, तरी सोडेना. मी माझे हातमोजे काढून त्याला दिले. पत्रा उतरवला, दुसरा उतरवला, मधला खांब ढिला करून बाजूला घेतला. फोर्कलिफ्ट पुढे सरकली, आणि ती पेटी कुठेही न घासता उन्हात गेली.

आत एवढा उजेड आला की आम्ही सगळे डोळे बारीक करून उभे होतो.

"कोणाची पेटी?" नातवाने इंग्रजीत विचारलं.

साहेबाने पान्यानेच हमीदभाईंकडे दाखवलं. "याची. बाहेरचा माणूस."

नातू त्यांच्याजवळ गेला. "पसंत आहे?"

हमीदभाईंनी पेटीला एक फेरी मारली. बोटाने टकटक केलं, अगदी साहेबासारखं. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, आधी कुवेतला नीट पोचू दे. मग माझ्याकडे वळून मराठीत, "अजून दोन पंखे आहेत म्हणावं. आणि दार एवढंच ठेवा."

मला त्यातल्या पहिल्या वाक्याचं भाषांतर करायला लागलं. दुसरं नातवाला आधीच कळलं होतं. कारण मॅनेजरने माणसांना पत्रे परत बसवायला बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, "लावू नका."

"सर, एसीची हवा जाईल."

"लावू नका."

चौथी शिकलेल्या माणसालाही तेवढं इंग्रजी कळतं. मी शेडमध्ये मागे गेलो, रंध्यावरचा भुसा झटकला, आणि बराच वेळ झटकत राहिलो.

दुपारी साहेब कैरी घेऊन आला. तिखट लावून अर्धी मला दिली. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, पेटी जाणार नाही?"

तो चघळत होता. "तू दोनदा सांगितलंस, माएस्त्रो."

"मग?"

"तिसऱ्यांदा सांगशील अशी मला भीती वाटत होती."

साहेब आता इथे नाही. कंपनीने त्याला दुसऱ्या देशात नवीन काहीतरी सुरू करायला पाठवलं. निघताना तो शेडमध्ये आला आणि आठवण म्हणून माझी चुन्याची डबी मागितली. मी दिली नाही. तंबाखू कशाबरोबर खायचा? पण डबीतला चुना कागदात बांधून दिला, आणि बाकावर मांडलेल्या तुकड्यांच्या शेवटी त्याने हमीदभाईंच्या पेटीतून उरलेला एक तुकडा लावला. त्या दिवशी संध्याकाळी मी बाक झाडला नाही. बाक आता लांब करून घेतला आहे.

पेट्यांच्या खात्याला आता वेगळी पाटी आहे, वेगळं ऑफिस आहे, आणि मुलगा फोनवर विचारतो, बाबा, कधी येताय? मी म्हणतो, बघू. सवड नाही. सकाळी बसमधून उतरलो की मी आधी फाटकावर जातो. काल पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक आला. मोठ्या निळ्या बाटल्या, रोज येतात. मी हात आडवा केला, मोजल्यासारखं केलं आणि नव्या साहेबाला विचारायला गेलो की पाणी आपण का विकत घेतो.

तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही सुतार आहात."

मी म्हटलं, "साहेब, तो आजा चुना भाजत होता."